टीव्हीपुढे सोडलेले तेल

मालिका लिहून पोट भरणाऱ्या एका शिष्याने एकदा आपल्या वृद्ध गुरूंना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्याला आपल्या घरी आणले. मालिकावाल्याला कसला आलाय गुरू, असे मनात येत असेल तर ते आधी काढून टाका. हा मनुष्य लहानपणी कृष्णाकाठच्या एका गावात या गुरुजींच्या पायाशी बसून पुराणे शिकला होता. समुद्रमंथन, राहूचे तुटलेले मस्तक, सात चिरंजीव, सगळे त्याला तोंडपाठ. पुढे तीच विद्या त्याने दूरचित्रवाणीला विकली. विकली म्हणतो, कारण गुरुजीही तसेच म्हणत. पण रागाने नव्हे. विद्येने उपाशी ठेवले नाही एवढे तरी बरे झाले, असे ते हसून म्हणायचे.

त्याच्या मालिकेची कथा थोडक्यात सांगतो. मंथनातून निघालेल्या कलशातले थोडे अमृत कुठल्याशा डोंगरातल्या विहिरीत सांडले, त्या विहिरीचे पाणी पीयूषा नावाच्या एका मुलीच्या पोटात गेले आणि ती अमर झाली. शतके लोटली, राजे गेले, राज्ये बुडाली, पीयूषा मात्र नऊ वर्षांचीच. तिच्या मागे एक मांत्रिक लागलेला, राहूचा उपासक. त्याला तिच्या रक्तातले अमृत हवे. तो तिला आज कड्यावरून ढकलतो, उद्या अग्नीत लोटतो, आणि ती दर वेळी वाचते. धूर, घंटा, निळा प्रकाश, सगळा सरंजाम असतो. लोक जेवणाची ताटे हातात घेऊन पाहतात. पाहू देत बिचारे, दिवसभर राबून आलेले असतात.

लोकांना जे ठाऊक नव्हते ते असे. या शिष्याची एकुलती एक मुलगी, शाल्मली, नवव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. ती गेली आणि काही महिन्यांतच पीयूषा जन्मली. शाल्मलीच्या दोन वेण्या पीयूषाला, शाल्मलीची मान तिरकी करून बघण्याची सवय पीयूषाला. कुणी काही विचारले की शाल्मली आधी म्हणायची, ‘खरं सांगू की गोड सांगू?’ आता पीयूषा तेच म्हणते आणि गावोगावची पोरे तिची नक्कल करतात. बाप रोज सकाळी लिहायला बसायचा आणि मुलीशी चार शब्द बोलून उठायचा. त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. बापाचे काळीज ते, त्याला आपण काय नावे ठेवणार?

पण त्या घरात एक आईही होती. वृंदा तिचे नाव. संध्याकाळी सात वाजता पीयूषा पडद्यावर आली की वृंदा उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडायची. भांडी असोत नसोत, नळ चालू. नवऱ्याची समजूत अशी की तिला मालिका बघायचा कंटाळा आहे. जगाला रडवणारी माणसे घरात किती आंधळी असू शकतात, ते यावरून पाहावे.

मग वेगळीच अडचण उभी राहिली. पीयूषाचे काम करणारी मुलगी उंच व्हायला लागली. हाडामांसाची पोर, वाढणारच. कॅमेरा वर चढवून आणि तिच्या शेजारी धिप्पाड माणसे उभी करून काही काळ निभावले. पण ही अमर मुलगी तिला चित्रीकरणाला घेऊन येणाऱ्या तिच्या खऱ्या आईच्या खांद्याला लागली तेव्हा निर्मात्याने नवी मुलगी घ्यायचे ठरवले. बऱ्याच मुलींची चाचणी झाली, चित्रफिती लेखकाकडे आल्या. आणि या गृहस्थाने काय करावे? लॅपटॉप घेऊन तो बायकोपुढे बसला आणि म्हणाला, यातली कुठली शाल्मलीसारखी बोलते ते तुलाच नीट कळेल.

वृंदाने सगळ्या मुली शेवटपर्यंत पाहिल्या. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. बेळगावला भावाकडे जाते, म्हणाली, आणि परत कधी येणार ते विचारू नकोस. गुरुजींची शस्त्रक्रिया ठरलेली होती, म्हाताऱ्या माणसाचे पथ्यपाणी कोण बघणार, म्हणून तेवढ्यापुरती ती थांबली. संसार मोडायला आला होता, आणि तो का मोडतोय हे दोघांपैकी कुणीही तोंडाने म्हणत नव्हते.

अशा घरात गुरुजी आले. डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, कान मात्र तल्लख होते. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून वृंदा संध्याकाळी तिळाचे तेल कोमट करून वाटीत आणून द्यायची आणि ते बाहेरच्या खोलीत बसून चोळत. पहिल्याच दिवशी मालिका लागली तेव्हा शिष्य मोठ्या हौसेने त्यांच्या शेजारी येऊन बसला. गुरुजींना पडद्यावर नुसत्या सावल्याच हलताना दिसत असणार. इतक्यात पीयूषाने तिचे ते ठरलेले वाक्य म्हटले, आणि गुरुजींचा गुडघ्यावरचा हात थांबला. शाल्मली उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या अंगणात खेळलेली होती. तो बोलण्याचा ढंग त्यांच्या ओळखीचा होता. आत नळ सुटला, तेही त्यांनी ऐकले.

ते वाटी घेऊन उठले, भिंतीचा आधार घेत चाचपडत टीव्हीपर्यंत गेले, वाटीत बोटे बुडवली आणि टीव्हीपुढच्या फरशीवर तेलाचे चार थेंब सोडले. हात जोडले नाहीत, मंत्र म्हटला नाही. सावकाश परत येऊन आपल्या जागी बसले.

शिष्य बघतच राहिला. दिवाळीत पहाटे अंगाला तेल लावण्याआधी अश्वत्थाम्याच्या नावाने जमिनीवर थेंब सोडायची रीत त्याला माहीत होती. गुरुजींच्याच घरी तो ती शिकला होता. पण हे दिवाळीचे दिवस नव्हते आणि मालिकेत अश्वत्थामाही नव्हता. आधी वाटले, वय झाले, भ्रम होत असेल. मग वाटले, ही आपली थट्टा आहे, आणि त्याला राग आला. मी या मुलीला अमर केले, चिरंजिवांच्या पंक्तीत नेऊन बसवले, आणि तुम्ही तिच्यापुढे तेल सांडता, असे तो जरा तुटकपणेच बोलला.

गुरुजी पुन्हा गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, “अरे, अश्वत्थामाही अमरच आहे. पण आपण त्याला घरात हार घालतो का? नैवेद्य दाखवतो का? सणाच्या दिवशी आपल्या अंगाला तेल लागायच्या आधी त्याच्यासाठी थोडं जमिनीवर सोडतो, बस्स. का? तर त्याच्या कपाळावरचा मणी उपटून काढला, ती जखम आहे. मेला असता तर जखम त्याच्याबरोबर गेली असती. मरण नाही म्हणून ती बुजत नाही, वाहत राहते. ज्या बायाबापड्यांनी ही रीत घातली, त्यांना अमरपणाचा हेवा नव्हता वाटला. त्यांना त्याची दया आली होती.”

गुरुजी पुढे म्हणाले, “तुझी पीयूषा रोज संध्याकाळी येते. तिला कुणी कड्यावरून ढकलतं, कुणी जाळतं, तू वाचवतोस, आणि उद्या पुन्हा ढकलायला उभी करतोस. तिला मोठं व्हायची सोय नाही, दमली तर निजायची सोय नाही. शाल्मली सुटली रे. ही नाही सुटली. आणि आत जी बाई नळ सोडून उभी आहे, तीही नाही. मला दया आली. माझ्या हातात तेल होतं, ते सोडलं.”

“म्हणजे मी तिला मारू?” शिष्याचा आवाज चढला होता.

“मारायचं नाही,” गुरुजी म्हणाले. “ती गेली आहे, तेवढं लिही.”

शिष्य ताडकन उठून आपल्या खोलीत गेला. जेवायलाही आला नाही. त्याला वाईट वाटले, अपमानही वाटला. दोन्ही स्वाभाविक होते. पण शब्द एकदा कानात गेले की ते कुठे बाहेर पडतात? सकाळी त्याने निर्मात्याला कळवले की नवी मुलगी नको, मी कथा संपवतो. निर्माता ओरडला, मग विनवण्या केल्या, मग वकिलाची भाषा काढली. शिष्याने ते सगळे ऐकून घेतले आणि तो लिहायला बसला.

आणि त्याला लिहिता येईना. आजवर त्याने कितीतरी माणसे कागदावर मारली होती. राजे, राक्षस, सवती, सासवा, कुणाचीच भीड ठेवली नव्हती. पण नऊ वर्षांची मुलगी कशी जाते, हे त्याला ठाऊक नव्हते. शाल्मली गेली तेव्हा तो तिथे नव्हता. औषध आणतो म्हणून रुग्णालयाच्या जिन्यावरून खाली उतरला, औषध घेतले, आणि ती पिशवी हातात धरून फाटकाशी उभा राहिला. त्याचे पाय वर वळेनात. वर वृंदा एकटी होती. तो वर पोहोचला तेव्हा सगळे संपले होते. त्यानंतर त्याने कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. मी पाहिले आहे, ज्याला आपण जाऊ देत नाही, त्याच्याविषयी घरात कुणी बोलतही नाही.

पुढचे लगेच सांगून टाकतो. पीयूषा गेली. शेवटचा भाग लोकांना मुळीच रुचला नाही. काहींनी वाहिनीला शिव्याशाप कळवले. गुरुजींचा डोळा बरा झाला आणि ते गावी परतले. वृंदा बेळगावला गेली, तिथे राहिली, आणि परतही आली. पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी दिवेलागणीला स्वयंपाकघरात काय झाले, ते ऐका.

वृंदा पोळ्या करत होती. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पीयूषाला संपवतोय. तिने मान वर केली नाही.

“पण मला लिहिता येत नाही,” तो म्हणाला. “शेवटी काय झालं ते मला माहीतच नाही. सांगशील?”

वृंदाने तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बंद केला. ती पाठमोरीच राहिली. मग बोलू लागली. शाल्मलीला शेवटपर्यंत शुद्ध होती. दम लागत होता, तरी बोलत होती. पडदा बाजूला कर म्हणाली, उशी उंच कर म्हणाली. वृंदाने त्याला बोलावून घ्यायला फोन उचलला तेव्हा तिने आईचे मनगट धरले.

“म्हणाली, बाबाला वर नको बोलावूस, तो घाबरतो. मी फोन खाली ठेवला. तिच्या मनासारखं केलं. पण तेव्हापासून तुझ्याकडे बघितलं की वाटतं, तुझी मुलगी मी तुझ्यापासून चोरली. आणि तुझा रागही येतो. दोन्ही एकदम येतं.”

तो ओट्याला टेकून खाली बसला. रोज संध्याकाळी तो जिला वाचवत होता, तिने जाता जाता त्यालाच सांभाळून घेतले होते, आणि हे त्याला इतक्या उशिरा कळत होते. त्याला रडू आवरेना.

“मी यायला हवं होतं,” तो म्हणाला.

“हो,” वृंदा म्हणाली. “यायला हवं होतंस.”

मग हाताचे पीठ तसेच ठेवून ती त्याच्याजवळ फरशीवर बसली आणि त्या दिवसाविषयी पहिल्यापासून सांगू लागली.