बारीक नळी, जड गोळी आणि लिंबाजी

बालाघाटाच्या डोंगराखाली एका गावात लिंबाजी नावाचा भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं. लिंबाजी भुजंगराव देशमुखांकडं कामाला होता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही आणि सांगितलेलं कधी विसरायचाही नाही. गावावर पुढं जे ओढवलं ते यामुळंच.

त्या साली एका सुळ्याचं एक रानडुक्कर भुईमुगाला लागलं होतं. एका फेरीत अर्धं वावर उकरून टाकायचं. पूर्वी असं झालं की गाव डबडी बडवत, कुत्री सोडत रानात घुसायचं आणि डुक्कर डोंगरापल्याड पळायचं. पण यंदा भुजंगरावांनी नवी रायफल घेतली होती. त्यांनी दवंडी पिटवली, "कुणी डबडं वाजवायचं नाही. जनावर बिचकतं. डुक्कर मी मारणार." गावानं डबडी ठेवून दिली. देशमुखांपुढं बोलणार कोण?

रायफल मोठी देखणी होती. नळी इतकी बारीक की करंगळीसुद्धा आत जायची नाही, आणि आतून दाट आटे पाडलेले. भुजंगरावांनी तिच्यासाठी मुद्दाम हलक्या गोळ्या घेतल्या होत्या. हलकं ते जोरात पळतं, असं त्यांचं मत. गोळ्या जोरात पळायच्या, पण आपापल्या मर्जीनं. एक पाटलांच्या रांजणात शिरली. एक देवळाच्या घंटेवर वाजली आणि पुजाऱ्यानं अवेळीच आरती सुरू केली. डुकराला मात्र एकही लागली नाही.

तेव्हा भुजंगराव लिंबाजीला घेऊन तालुक्याला बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदार कासमभाईनं नळीतून उजेड बघितला आणि म्हणाला, "देशमुखसाहेब, नळी बारीक, आटे दाट. हलकी गोळी हिच्यात भरकटणारच. जड, लांबोडी गोळी घ्या. आटे तिला गरगर फिरवतील आणि ती नाकासमोर सरळ जाईल. पुढच्या बाजारी माल येतोय. गडी पाठवून द्या."

लिंबाजीनं ते ध्यानात ठेवलं.

पुढच्या बाजारी भुजंगराव म्हणाले, "जा, गोळ्या घेऊन ये. जेवढी जड तेवढी बरी."

कासमभाईनं लिंबाजीच्या तळहातावर गोळी ठेवली. लिंबाजीनं हात वरखाली केला.

"ही व्हय जड?"

"हीच सगळ्यात जड."

"चेष्टा करता का गरिबाची? ह्याच्यापरीस आमच्या मायच्या जात्याचा खुंटा जड हाय."

तो तसाच परत निघाला. वाटेत पडक्या किल्ल्याच्या दरवाज्याशी जुन्या तोफेचा गोळा पडला होता. लिंबाजीनं उचलून बघितला. कंबरेत कळ आली. लिंबाजीचा जीव सुखावला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातापाया पडून त्यानं गोळा एका बैलगाडीत चढवला. गावाच्या शिवेवर गाडीचा आस मोडला, मग गोळा ढकलत ढकलत देशमुखांच्या अंगणात आणला.

भुजंगरावांनी गोळ्याकडं बघितलं, मग लिंबाजीकडं.

"अरे शहाण्या, हा नळीत जाईल का?"

"त्ये न्हाई बघितलं, मालक."

"मग बघावं! कुठलीही वस्तू आणताना आधी नळीत घालून बघावी, बसली तरच आणावी!"

"चुकलं, मालक. पुढच्या वक्ताला ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी त्याला पाटलांच्या घरून काकवी आणायला पाठवलं. लिंबाजीनं घागर घेतली आणि खुंटीवरची रायफलही खांद्याला लावली. पाटलीणबाईंनी काकवी दिली. लिंबाजीनं तिथंच ओट्यावर बसून आधी ती नळीत ओतून बघितली. अगदी छान बसली. मग उरलेली घागरीत भरून आणली आणि रायफल जागच्या जागी टांगली.

संध्याकाळी डुक्कर वावरात उतरलं. भुजंगरावांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. नळीच्या तोंडातून मुंग्यांची रांग निघाली. ती रायफलीवरून चालत आली, मिशीत शिरली आणि नाकाकडं वळली. भुजंगराव शिंकले. डुकरानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा शेंगा खायला लागलं.

"अरे गाढवा! नळीत काही अडकलं तर गज घ्यावा, त्याला फडकं गुंडाळावं आणि पीळ देत देत आरपार सारावा! हे कळत नाही?"

"चुकलं, मालक. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

चार घरी बोभाटा झाला आणि तालुक्याचे मामलेदार मुद्दाम शिकार बघायला आले. भुजंगरावांची आता अब्रूच पणाला लागली. त्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी भुईमूग उपटा आणि शेंगा माझ्या खळ्यावर आणून टाका. शेजारी मचाण बांधतो. शेंगांना डुक्कर येणार आणि माझ्या हातून मरणार." लोकांनी अर्ध्याकच्च्या शेंगा आणून ढीग घातला. लिंबाजीची आई सरूबाई हिचं एवढंसं वावर होतं. वर्षाचं तेल, मीठमिरची आणि पुढचं बियाणं, सगळं त्यातूनच व्हायचं. तिनंही आपलं पोतं आणून ढिगाच्या कडेला ओतलं आणि लेकाला म्हणाली, "लिंब्या, तू राखणीला हायेस म्हणून टाकते बरं का. न्हाईतर म्या डबडंच वाजवलं असतं."

"काळजी करू नगं, माय."

राखणीला खरंच लिंबाजीलाच ठेवलं होतं. खळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि आत जायला एक अरुंद, वळणावळणाची वाट ठेवली. वाटेचं तोंड मचाणाकडं होतं.

मामलेदारांना फराळाला शेंगदाण्याचे लाडू दिले. मामलेदारांनी एक अख्खा तोंडात टाकला आणि तो घशात बसला. त्यांचे डोळे पांढरे झाले, हात हवेत गेले. बाईसाहेब पाणी आणायला धावल्या. लिंबाजी गज आणायला धावला. दारातून तो आत आला तेव्हा त्यानं गजाच्या टोकाला धोतराचा सोगा गुंडाळला होता आणि तो प्रेमानं म्हणत होता, "आ करा, सायेब. आत्ता आरपार करतो."

मामलेदारांनी गज बघितला आणि लाडू आपोआप खाली गेला.

भुजंगरावांनी लिंबाजीला ओढत परसात नेलं. "अरे, माणसाला असं करतात का? आधी डोकं चालवावं, मूळ शोधावं! गोळी भरकटत होती, तर आपण काय केलं? तिला शिव्या दिल्या? नाही. ती हलकी होती म्हणून भरकटत होती. जड केली की सरळ जाईल. याला म्हणतात मुळावर इलाज!"

"हलकं हाय म्हणून भरकटतं. जड केलं की सरळ जातं," लिंबाजी म्हणाला.

"शाबास. एवढं ध्यानात ठेवलंस तरी पुरे."

आणि त्यानं ठेवलं.

जड गोळ्या आणायला या वेळी भुजंगराव स्वतः गेले. येऊन त्यांनी बांधावर मडकं ठेवलं आणि गोळी घातली. मडकं फुटलं. दुसरं ठेवलं, तेही फुटलं. गोळी आता खरोखरच नाकासमोर जात होती. म्हणजे आता दोष द्यायला गोळी उरली नव्हती.

दिवेलागणीला डुक्कर आलं. भुजंगरावांनी बार टाकला. डुक्कर डावीकडं उडालं. दुसरा टाकला, डुक्कर उजवीकडं वळलं. नागमोडी पळत ते ओढ्यात दिसेनासं झालं. मचाणावर मामलेदार हळूच खाकरले.

"गोळी सरळच गेली!" भुजंगराव ओरडले. "हे डुक्करच वाकडंतिकडं पळतंय!"

मचाणाखाली लिंबाजी उभा होता. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डुक्कर भरकटतंय, म्हणजे डुक्कर हलकं आहे. एवढं सोपं, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांच्या ध्यानात येऊ नये, याचं त्याला नवल वाटलं. पण मालकांना सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं. एकदाचं काम फत्ते करूनच दाखवायचं.

भुजंगराव पहाटे मचाणावरून उतरून झोपायला गेले की लिंबाजी टोपलीभर शेंगा ओढ्याच्या काठाला नेऊन ठेवायचा. डुक्कर खायचं. मग त्यानं टोपली अलीकडं आणली. मग खळ्याच्या तोंडाशी. मग डुकराला त्यानं आतच घेतलं. ते खाताना लिंबाजी शेजारी बसून म्हणायचा, "खा बाबा, पोटभर खा. तुज्यावर लई जणांची भिस्त हाय." ढिगावर दव पडू नये म्हणून तो वेलांचा पाला पसरून ठेवायचा. पाल्याचा ढीग लांबून शेंगांएवढाच दिसायचा. लोक येता जाता बघायचे आणि निश्चिंत व्हायचे. संध्याकाळी मात्र डुक्कर येईनासं झालं. त्याला भूकच नसायची. भुजंगराव मामलेदारांना म्हणाले, "रायफलीची दहशत बसली आहे."

एका सकाळी डुक्कर इतकं खाऊन बसलं की त्याला उठवेना. लिंबाजीनं त्याला दिवसभर पाल्याखाली झोपू दिलं. दिवस कलला तसे भुजंगराव आणि मामलेदार मचाणावर चढले. गावही बघायला जमलं होतं. लिंबाजीनं खळ्याकडं नजर टाकली. वाट बारीक. वळणं दाट. माल जड. कासमभाईनं सांगितलेलं सगळं जमून आलं होतं.

त्यानं डबडं घेतलं आणि डुकराच्या कानाशी बडवलं. "मालक, आता बगा!"

पाला उडाला. डुक्कर उठलं, अरुंद वाटेत शिरलं, वळणावळणानं गरगरत तोंडाशी आलं आणि तिथून जे सुटलं ते ना डावीकडं वळलं ना उजवीकडं. भुजंगरावांना रायफल खांद्याला लावायलाही सवड मिळाली नाही. डुक्कर नाकासमोर येऊन मचाणाच्या खांबावर आदळलं. मचाण बसलं. भुजंगराव निवडुंगात पडले, मामलेदार भुजंगरावांवर पडले, रायफल दगडावर पडून नळी वाकली. डुक्कर तसंच सरळ गावातून निघून गेलं.

लिंबाजी आनंदानं नाचत होता. "बघितलं का, मालक? जरासुदिक भरकटलं न्हाई!"

निवडुंगात भुजंगराव काटे उपटत होते.

मग लोकांना शेंगा आठवल्या. सगळे खळ्यात धावले, पाला उपसला. खाली टरफलं होती. त्याच्याखालीही टरफलंच होती. सरूबाईनं टरफलं मुठीत घेतली आणि चाळवून बघितली.

"लिंब्या, आरं आपल्या शेंगा? आपल्या तरी ठिवल्यास का न्हाई?"

लिंबाजीनं छाती फुगवली. "आपल्या तर पैल्यांदा दिल्या, माय. साऱ्या ढिगात त्याच जड होत्या."