बोट लागलं की चूक कुणाची?

अमेरिकेत त्याला म्हणायचं फुटबॉल, पण चेंडू खेळतात हातानं. क्वार्टरबॅक लांबून फेकतो अन् रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. अशा एका बड्या संघात संगमनेरची शर्वाणी कामाला होती. कुणी कसं फेकलं, कुणी कसं झेललं, ते पडद्यावर बघून निवाडा करायचा, हे तिचं काम.

संघाचे मालक हॉलोवेसाहेब. फेकणारा कोल त्यांचा जावई, मग काय विचारता! वर्षात अकरा झेल सुटले, तसं साहेबांनी झेलणाऱ्या टायरेलला काढून टाकायचं पत्रच तयार केलं. शर्वाणीला म्हणाले, "कर सही. चेंडूला बोट लागलं अन् तो पडला, की चूक झेलणाऱ्याचीच."

शर्वाणीनं ते अकराही चेंडू डोळ्यात तेल घालून पाहिले होते. नऊ तर टायरेलच्या डोक्यावरूनच गेलेले. बिचारा उडी मारून कसंबसं बोट लावायचा. पण जावयाविरुद्ध बोलायचं कसं?

तिनं पिशवीतून बेसनलाडवांचा डबा काढला. साहेबांचे डोळे चमकले. "टाक की इकडे एक!"

तिनं टाकला, तो त्यांच्या डोक्यावरून चांगला हातभर उंच. साहेब खुर्चीतून उडाले, बोटांची टोकं लागली आणि लाडवाचा फरशीवर भुगा झाला.

"अगं, इतका उंच टाकतात का कुणी?"

"पण बोट लागलं ना, साहेब? मग चूक तुमचीच."

साहेबांनी एकदा भुग्याकडे पाहिलं, एकदा पत्राकडे. मग खो खो हसत त्यांनी पत्र फाडलं.

"जावयाला उद्यापासून तासभर जास्त सराव," ते म्हणाले. "आणि दुसरा लाडू हातात दे, बाई."