जाळीचं पाणी, बादलीचं पाणी

किनाऱ्यावरच्या एका गावात एक भोळा खलाशी होता. नाव बाबल. सांगितलेलं काम तो करायचाच. पंचाईत तीच होती.

एकदा बाबलच्या होडीवर शर्वरी मॅडम संशोधनाला आल्या. समुद्रात प्लास्टिकचे बारीक कण किती, ते शोधायला. रीती दोन. होडीमागे बारीक जाळी ओढायची आणि तिच्यात अडकेल ते घ्यायचं. नाहीतर स्टीलच्या बादलीनं पाणीच भरून आणायचं. कुठल्या रीतीत जास्त कण सापडतात, ते ताडून बघायचं होतं. चार दिवसांनी पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्याला लागणार. तेवढ्यात जमलं नाही, तर मॅडमचं वर्ष फुकट.

पहिल्या दिवशी बाबलनं जाळी ओढली, समुद्रातच खळाखळा धुतली आणि स्वच्छ करून मॅडमच्या हातात दिली. मासळीचं जाळं गावात सगळे असंच धुऊन घरी आणतात.

"अहो बाबलदादा, अडकलेलं तेच तर हवं होतं! पाणी जाऊ द्या, घाण ठेवा."

"बरां."

दुसऱ्या दिवशी बादली. बाबलनं ती भरली, पाणी जाऊ दिलं आणि रिकामी बादली पुढे केली.

"मॅडम, ह्येच्यात कायच अडाकला नाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता पाण्याचा थेंबसुद्धा सांडायचा नाही. कळलं?"

"कळला."

तिसऱ्या दिवशी पुन्हा जाळी. जाळी म्हटली की ती गळणारच. बाबलनं दुकानातून मोठी प्लास्टिकची पिशवी आणली आणि जाळीच्या आत बसवली. थेंब सांडला नाही.

मॅडम मटकन खाली बसल्या. "प्लास्टिक? अहो, नमुन्याजवळ प्लास्टिक दिसलं की आधी काढून टाकायचं!"

"तसा सांगाचा ना!"

शेवटच्या दिवशी मॅडमनी बाबलला नुसतं सुकाणूवर बसवलं. सगळं स्वतः केलं. जाळीतलं एका काचेच्या बरणीत, बादलीतलं दुसरीत. झाकणं लावताना त्यांना इतका आनंद झाला की त्या बाबललाही थँक्यू म्हणाल्या.

"गाडी आली का बघून येते. बरण्यांवर लक्ष ठेवा."

बाबलनं लक्ष ठेवलं. चांगले डोळे फाडून ठेवलं. तर आत निळा कण, लाल कण, दोरीचा हिरवा तुकडा!

मॅडम परतल्या, तेव्हा दोन्ही बरण्यांतलं पाणी नितळ होतं. बाबल घामाघूम, हातात ओलं फडकं.

"पाणी... गाळलंत?"

"चार पदरी धोतरातसून. सुती हा, प्लास्टिकाचा नाय."

"आणि कण?"

"टाकलंय समुद्रात." बाबलनं दोन्ही बरण्या कौतुकानं उजेडात धरल्या. "आता ताडून बघा, मॅडम. दोन्ही रीती अगदी सारक्यो! ह्येत कण नाय, त्येतव नाय."