साळूचा नाच

"माझो दादा खाली बसलो, तेवा दोरे कोणाच्या हातात होते?"

धाकूने हे विचारलं तरी जानू आजाचा पानाला चुना लावणारा हात थांबला नाही.

हा प्रश्न धाकूने सगळ्यांना विचारून झाला होता. वहिनीला, डॉक्टरला, शूटिंगवाल्यांना फोन करकरून. कोणी म्हणालं, जेवलास का? कोणी म्हणालं, झोप जरा. शूटिंगवाला साहेब म्हणाला, "तो भाग वेगळा घेतला होता रे, नंतर जोडलाय," आणि लगेच त्याला दुसरा फोन आला.



"आजानू, मी तुमका विचारतंय!"

"आयकतंय. आवाज कमी कर. कोंबडी अंड्यांवर बसलीहा."

जानू आजा वाडीतला सगळ्यात म्हातारा खेळिया. लाकडाच्या बाहुल्या दोऱ्यांवर नाचवणं हे त्याच्या घराण्याचं काम. धाकूचा मोठा भाऊ सगुण हा त्याचा चेला. आणि साळू ही त्यांची बाहुली. हातभर उंच, तोंडाचा रंग उडालेली, डोळे मात्र जागे.

फार वर्षांपूर्वी, आजा तरणा असताना, साळू एका सिनेमात नाचली होती. काळापांढरा सिनेमा, भुताटकीचा. लोक तो अजून बघतात. पण हल्ली लोकांना सिनेमापेक्षा तो कसा केला तेच बघायला जास्त गोडी. भूत कसं उडवलं, धुकं कुठून आणलं, बाहुली कशी नाचवली. म्हणून शूटिंगवाले वाडीत आले. सिनेमात दिसलेला साळूचा नाच त्यांना पडद्यामागून दाखवायचा होता.

आजाचे हात आता थरथरतात. साळूला सगुणने नाचवली.

नाचवता नाचवता सगुण गेला.

ती फिल्म मोबाईलवर आली आणि लोकांनी डोक्यावर घेतली.

"तू बघतंस ती?" आजाने विचारलं.

"रोज."

"काय दिसता?"

धाकूने मोबाईल काढला. काच तडकलेली होती. बोट न चुकता जिथे जायचं तिथे गेलं.

चित्राचे दोन भाग होते. डावीकडे पडद्याची पुढची बाजू, तिथे साळू. उजवीकडे मागची, तिथे सगुण. गुडघ्यांवर बसलेला, कोपरं वर उचललेली, बोटांत दोरे, बनियन घामाने पाठीला चिकटलेलं. मध्येच कोणीतरी म्हणतं, "फार सुंदर! अजून एकदा करूया का, सगुणदादा?" सगुण हसतो. परत कोपरं उचलतो. थोड्या वेळाने तोच आवाज, "अजून एकदा."

"मी डाव्या बाजूवर अंगठो ठेवतंय," धाकू म्हणाला. "माका दादाच बघूचो असता. साळू कशाक होयी?... परवा अंगठो सरकलो."

त्याने मोबाईल आजासमोर धरला.

"ह्या बघा."

उजवीकडे सगुण थबकला. कोणी हाक मारल्यासारखी त्याने मान वळवली. मग हळूच खाली बसला. हात मांडीवर आले. बोटं उघडी होती. डोकं छातीवर टेकलं आणि ती बाजू काळी झाली.

डावीकडे साळू नाचत होती.

तिने गिरकी घेतली. पदर सावरला. पाय आपटले. पुन्हा गिरकी घेतली. फिल्म संपली तेव्हाही ती नाचतच होती.

"खाली लोक लिवतत, काय भारी ट्रिक! कशी केल्यानी तां सांगा. आणखी मागचा दाखवा." धाकूचा आवाज फाटला. "माझो भाऊस मरता थय, आणि हेंका ट्रिक होयी!"

"लोक बघतत तां बघतत. तुका काय होया?"

"माका खरा होया. मी दादाक धरूक धावलंय, दोऱ्यांकडे बघूक नाय. तुम्ही तेच्या बाजूक होतास. तो पडलो आणि तुम्ही दोरे धरलास... होय काय नाय? भाऊस माझो पडलो आणि तुम्ही बाहुली धरलास?"

आजाने पान तोंडात टाकलं. सावकाश चावलं.

"तसा झाला असता तर बरा झाला असता."

धाकू उठलाच.

"खरा सांगा, नायतर साळूक आत्ता चुलीत घालतंय. वैनी माहेराक कित्या गेली माहीत आसा? मांगरातसून आवाज येता म्हणान. पाय आपटल्याचो. लाकडाच्या पायांचो! कोण नाय थय, कुलूप आसा, तरी... दादा सुटलो काय नाय, एवढाच सांगा माका. तो सुटलो काय?"

आजाने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून उठला.

"चल," म्हणाला.

मांगर म्हणजे घरामागची मातीची खोली. बाहुल्या तिथेच ठेवलेल्या असतात. शूटिंगही तिथेच झालं होतं. भर दुपार होती. माडाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती, कावळासुद्धा ओरडत नव्हता. धाकूने कुलूप काढलं. आत त्या दिवसाचा पडदा अजून तसाच बांधलेला होता.

आजाने दार लावून घेतलं. अंधारात चाचपडत समई पेटवली. पडद्यामागे गेला आणि लगेच परत आला.

"काय केलास?"

"साळूक खुंटीक टांगलंय."

धाकू तरातरा पडद्याकडे निघाला.

"थय खय? हय बस."

"हय?"

"समोर."

"मी कधी समोर बसलंय काय, आजानू?"

"नाय बसलंस. ल्हान असल्यापासून मागं. दोऱ्यांचे गुंते सोडवूक, दादाक चाय देवूक. तुका वाटता खेळ मागं आसता."

धाकू बसला. शेणाने सारवलेली जमीन गार होती. आजा त्याच्या शेजारी टेकला आणि झांज मांडीवर घेतली.

"त्या दिवशी हय कोण बसललो?"

"कॅमेरो होतो."

"कॅमेरो बघता?"

धाकूने सारवणावर बोट ओढलं.

"तू खय होतंस?"

"मागं." मान खाली. "माका पण फिल्मीत येवचा होता."

"वैनी?"

"मागं. तीका पण."

"मी?"

"तुम्ही मागं. गाणा म्हणत होतास. सगळेच मागं होते."

"मगे 'पुरे' कोण म्हणतलो?"



त्या वाडीची रीत होती. खेळिया आपणहून थांबत नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतं, "पुरे," तेव्हा बाहुली खाली बसते. नुसती तालीम असली तरी घरातलं एखादं माणूस समोर बसवतात. म्हातारी असो, तापाने पडलेला असो, पण समोर कोणीतरी हवंच. कोणी नसेल तर दोऱ्याला हात लावत नाहीत. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या दिवशी सगळी वाडी ते विसरली, कारण सगळ्यांनाच मागे जायचं होतं.

"पण तो साहेब म्हणाललो," धाकू पुटपुटला. "दर वेळी म्हणाललो. कट."

"कट म्हणजे पुरे न्हय, झिला. कट म्हणजे परत."

आजाने झांज उचलली.

पहिला ठोका पडला तेव्हा काही झालं नाही. आजा गाऊ लागला. जुनं, घोगऱ्या गळ्याचं गाणं, शब्द अर्धे गिळलेले. समईची ज्योत सरळ होती. वारा नव्हता. यायला जागाच नव्हती.

पडद्याच्या कडेने साळू आली.

धाकूने आधी आजाचे हात पाहिले. दोन्ही हात झांजेवर होते. मग त्याने पडद्याच्या खाली पाहिलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खेळियाचे गुडघे तिथे दिसतात. तिथे गुडघे नव्हते. सारवण होतं आणि त्यावर धूळ.

साळूने पाय आपटले.

"मागं कोण आसा?"

आजा गात राहिला.

"आजानू... मागं कोण आसा?"

गाणं थांबलं नाही. धाकू अर्धा उठला.

"मी बघून येतंय."

"जा," कडवं सोडून आजा म्हणाला.

"...जाव?"

"जा की. कोणी धरलाहा? मगे हय समोर कोण बसतलो?"

धाकू अर्धवट उठलेला तसाच राहिला. पडद्यामागे चार पावलांवर त्याला हवं ते सगळं होतं. त्याने दात आवळले... आणि खाली बसला.

मग त्याने साळूकडे पाहिलं.

जन्मापासून त्याने साळूची पाठ पाहिली होती. पाठीतले खिळे, मानेमागची गाठ, लुगड्याखालचं रिकामं लाकूड. ती समोरून कशी नाचते हे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती मान वाकडी करून कुणाचं तरी ऐकते, हे त्याला माहीत नव्हतं. गिरकी संपताना ती जराशी अडखळते, आणि आपण अडखळलो हे कोणी पाहिलं का म्हणून हळूच डोळा फिरवते, हेही नाही. धाकूला एकदम हसू आलं. मोठ्याने. अगदी दादाची खोड होती ती. आणि हसता हसता त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दादा," तो म्हणाला.

साळूने पुन्हा गिरकी घेतली.

गाणं संपलं. आजाने झांज खाली ठेवली. मांगरात आवाज उरला तो लाकडी पायांचा. टक... टक... टक.

साळू नाचत होती. आजाने वळून धाकूकडे पाहिलं आणि वाट बघत राहिला.

धाकूला कळलं, आता आपण बोलायचं आहे. एकच शब्द आहे. तो शब्द तोंडाबाहेर गेला की पडद्यामागे जे काही आहे ते उरणार नाही. तोवर दादा आहे. नुसतं बसून राहिलं तरी दादा आहे. आज, उद्या, रोज दुपारी. वहिनीलाही आणून बसवता येईल.

"आजानू, थोडा आणखी बघूया," तो घाईघाईने म्हणाला. "अजून एकदा."

शब्द निघाले आणि त्याच्या कानांना ते त्या साहेबाच्या आवाजात ऐकू आले.



तेव्हा धाकूला आणखी एक आवाज ऐकू आला. तो बहुतेक सुरुवातीपासूनच होता, गाण्याखाली दबलेला. पडद्यामागे कोणीतरी धापा टाकत होतं. डोंगर चढून आलेल्या माणसासारखं. श्वास आत ओढला जात होता, अर्ध्यावर अडकत होता, पुन्हा ओढला जात होता. आणि प्रत्येक श्वासाला साळूचा पाय पडत होता.

टक... टक...

धाकूने दोन्ही हात जमिनीवर दाबून धरले.

"पुरे," तो म्हणाला.

साळू उभी राहिली. तोल जातो की काय असं वाटलं.

"पुरे, दादा. बस तू आता... पुरे झाला."

साळूने दोन्ही हात जोडले. मग ती खाली बसली. पडली नाही. कोणीतरी जपून ठेवावी तशी, आधी गुडघे, मग कंबर, मग मान. दोरे एकेक करून सैल पडले आणि पडद्यावरून घरंगळले. मागे हाडांचे सांधे मोडल्यासारखी कडकड झाली. बराच वेळ बसलेला माणूस उठतो तशी.

मग धाप थांबली.

धाकू पडद्याकडे पाहत होता. आजा पाहत नव्हता. त्याने आपले पाय जवळ ओढून घेतले होते, कोणाला तरी वाट द्यावी तसे.

"दार उघड," तो म्हणाला.

धाकू उठला. त्याने दाराचा आडणा काढला आणि दोन्ही फळ्या ढकलल्या. दुपारचं पांढरं ऊन आत आलं, थेट पडद्यापर्यंत. तो उंबऱ्यात उभा राहिला, आत तोंड करून, डोळे फाडून.

"उघडलंय, आजानू."

"मगे आता बाजूक हो."