वाऱ्याच्या तोंडाशी बसलेला मटार

माणसं ऋतू डब्यांत भरून ठेवायला शिकली, त्या काळातली ही गोष्ट. शरयूवहिनींच्या फ्रीजरमध्ये वैशाखातला आमरस, श्रावणातलं खोवलेलं खोबरं आणि पौषातला मटार शेजारीशेजारी झोपत. मागच्या जाळीतून गार वारा यायचा आणि आमरसाला स्वप्नात आमराई दिसायची.

एके दिवशी मटाराची पिशवी सरकत सरकत त्या जाळीलाच टेकून बसली. हळूहळू आमरसाच्या कडा सुटू लागल्या. स्वप्नातले आंबे देठापासून गळू लागले.

"मटारभाऊ, जरा सरका हो. वारा अडलाय," तो म्हणाला.

"काहीतरीच! मी तर दगडासारखा गारठलोय. तुमचंच काही बिनसलं असेल," मटार जागचा न हलता म्हणाला.

संध्याकाळी वहिनींनी दार उघडलं. आमरसाचा डबा उचलला, तर तो हिंदकळला. खोबरंही मऊ लागलं. "अगं बाई, फ्रीज बिघडला की काय!" मग त्यांचा हात मटारावर पडला. "हा तेवढा छान टणक आहे. आज याचीच उसळ करते."

पिशवी निघाली, दार लागलं आणि जाळीतून गार वारा भरभरून आला. आमरसाचे डोळे मिटू लागले. आमराईत शिरता शिरता त्याला दूरवर फोडणीचा चर्र आवाज ऐकू आला.