मधल्या उंबराखाली

रानात माणसाची पायवाट उमटली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका टेकडीवर हाड बसवणारं अस्वल राही, समोरच्या टेकडीवर जखमेला पाला बांधणारी माकडीण. एकाने हात लावलेला रोगी दुसरा शिवत नसे.

कड्यावरून पडलेलं पाडस हरिणीने आधी माकडिणीकडे नेलं. तिने पाला बांधला. मग लंगडत्या पाडसाला ढोसत हरिणी अस्वलाकडे पोचली.

"हा पाला आधी तिच्याकडूनच सोडवून आण," अस्वल म्हणालं.

"सोडला तर रक्त थांबायचं नाही, दादा."

अस्वलाने तोंड फिरवलं. हरिणी परत निघाली. दोन टेकड्यांमधल्या उंबराखाली पाडसाने मान टाकली.

तिचा हंबरडा ऐकून दोघं खाली आली. तेव्हापासून ती त्या उंबराखालीच बसतात; अस्वल हाड धरून ठेवतं, माकडीण पाला बांधते. रोगी दोन्हीकडून येतात.

हरिणी मात्र लांबच्या वाटेने पाण्यावर जाते.