आत्यासाहेबांचा हुंकार

ही गोष्ट अगदी खरी आहे, देवाशप्पथ. उंबरटेक संस्थानच्या दरबारात माझे पणजोबा स्वतः हजर होते. म्हणजे त्यांचा जन्म अजून व्हायचा होता, पण त्यांचा फेटा हजर होता आणि त्यानं सगळं ऐकलं.

तर नवव्या दिवशी बाळकोबा तेल्याचा घसा बसला.

सत्तरीचा म्हातारा. दिवसभर घाणा हाकायचा आणि संध्याकाळी पारावर अशा कथा सांगायचा की घरी चुलीवर भात करपायचे. झुंजारराजांनी त्याला एका दुपारपुरतं कथा सांगायला बोलावलं होतं. पण दरबाराच्या दारावर राजांची पाटी होती: ‘हुंकार चालू असेल तोवर कथा थांबणार नाही. जो थांबेल, त्यानं या संस्थानात पुन्हा कथा सांगायची नाही.’ कथेला हूं म्हणायचा मान घरातल्या सर्वांत थोर माणसाचा, म्हणजे राजांच्या आत्यासाहेबांचा. वय वर्षं सत्त्याऐंशी.

पहिल्याच वाक्याला आत्यासाहेब लोडाला टेकल्या आणि त्यांचं सुरू झालं. घुर्रर्र... घुर्रर्र...

दिवाणजी चुकून बोलून गेले, “आत्यासाहेबांचा डोळा लागलाय वाटतं.”

“आमच्या आत्यासाहेब कथा चालू असताना झोपत नाहीत!” राजे कडाडले.

“पण महाराज, तो आवाज...”

“तो हुंकार आहे. थोरामोठ्यांचा हुंकार असाच भरदार असतो.”

त्याच दुपारी दिवाणजींची बदली घोड्यांच्या पागेत झाली.

जेवणाच्या वेळी आत्यासाहेब डोळे उघडत, “मग पुढं काय झालं?” असं विचारत आणि हात धुतले की पुन्हा लोडाला टेकत. दिवेलागणीला दरबार उठे, सकाळी पुन्हा बसे. आठ दिवसांत बाळकोबांच्या राजपुत्राची सात लग्नं झाली. मुली संपल्या तेव्हा त्याच्या घोड्याची दोन लावून दिली. नवव्या दिवशी राजपुत्र बाजाराला गेला आणि बाळकोबा सकाळपासून भाज्यांची नावं घेत बसले.

दुपारी त्यांची सून हौसा भाकरी घेऊन आली. पारावर मामंजींना हूं म्हणायचं काम तिचंच.

“पोरी,” बाळकोबांच्या घशातून नुसती हवा आली, “पडवळापाशी आलोय. याच्यापुढं भाजी नाही. थांबलो तर पार गेला माझा. मग जगून करू काय?”

हौसा पदर खोचून राजांसमोर उभी राहिली. “महाराज, मामंजींना सोडा.”

“सोडतो की. हुंकार थांबव,” राजे म्हणाले. “पण आत्यासाहेबांना उठवायचं नाही, हात लावायचा नाही आणि त्या झोपल्यात असं म्हणायचं नाही. म्हणालीस तर पागेत जागा आहे.”

हौसा तिथंच बसली. थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग म्हणाली, “मामंजी, घोटभर पाणी प्या.”

बाळकोबा पाणी प्यायले. घुर्रर्र.

“आता जरा खोका.”

ते खोकले. घुर्रर्र.

“महाराज, आत्यासाहेब झोपलेल्या नाहीत.”

“शाबास.”

“पण हा हुंकारही नाही.”

दरबारातल्या माना वळल्या.

“बारा वर्षं मी मामंजींना हूं म्हणतेय. हूं म्हणणारा सांगणाऱ्याची वाट बघतो. तो थांबला की आपण हूं म्हणायचं. इथं मामंजी पाणी पितात, खोकतात, तरी आत्यासाहेबांचं आपलं चालूच. म्हणजे त्या ऐकत नाहीयेत, महाराज. त्या सांगतायत. नऊ दिवस घरातलं थोर माणूस कथा सांगतंय, आणि आपण त्यांच्या तोंडावर दोडकी-पडवळं मोजतोय.”

राजांनी नाही म्हणावं, तर आत्यासाहेब घोरतात हे कबूल करायला हवं.

“मग... आता?”

“आता मामंजी गप्प बसतील. आत्यासाहेबांना हूं म्हणायला मात्र घरातलंच धाकटं माणूस हवं.” हौसानं दरबारभर नजर फिरवली. “मला तर एकच दिसतंय.”

राजे सावरून बसले.

घुर्रर्र. “हूं.” घुर्रर्र. “हूं.”

थोड्या वेळानं राजांनी मांडी बदलली. मग तक्क्या ओढला. पागेतून दिवाणजी डोकावले, जोड्याला लीद तशीच. “महाराज, कथा कुठवर आली?”

“मध्ये बोलू नका. रंगात आलीय.”

उन्हं कलली तसे राजांचे हूं जरा लांबट यायला लागले. दरबारानं पायाच्या बोटांकडे बघत वेळ काढला.

दिवेलागणीला आत्यासाहेबांनी डोळे उघडले. भाच्याला दोन बोटं टोचली. “झुंज्या, पोट दुखतंय का रे?”

राजे दचकून ताठ झाले. “नाही, नाही. आपली कथा ऐकत होतो, आत्यासाहेब.”

“मी कथा सांगत होते?” म्हातारीचा चेहरा खुलला. “पन्नास वर्षांत या घरात मला कुणी म्हटलं नाही, की तुम्हीही काही सांगा. बरी होती का रे?”

“फार छान होती.” एवढं म्हणून राजांचा हट्ट पुन्हा जागा झाला. “पण थांब, हौसा. शेवट आम्ही ऐकलाच नाही. शेवट नाही, म्हणजे कथा संपली नाही. कथा संपली नाही, म्हणजे तुझे मामंजी सुटले नाहीत. आत्यासाहेबांनी शेवट सांगितला असता, तर आम्हाला ऐकू आला नसता का?”

हौसानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“कसा येईल, महाराज? शेवट आला तेव्हा आपणही फार भरदार हुंकार देत होता.”

राजांनी आत्यासाहेबांकडे पाहिलं, मग आपल्या तक्क्याकडे. आणि ते असे हसले, असे हसले, की दारावरची पाटी खाली पडली. ती पुन्हा कुणी लावली नाही.

बाळकोबांना घशासाठी मधाची घागर मिळाली आणि त्यांचा पार त्यांच्याकडेच राहिला. हौसाला जरीचं लुगडं मिळालं. दुसऱ्या दिवशी आत्यासाहेब पालखीतून पारावर आल्या आणि टक्क जाग्या राहून त्यांनी आपली कथा सांगितली. हूं म्हणायला हौसा होती. दिवाणजींना परत बोलावणं गेलं, पण ते आले नाहीत. घोडे त्यांचं बोलणं ऐकून घेत होते.

आता कबूल करून टाकतो. यात मी पदरचं एकच घातलंय, ते म्हणजे घोड्याचं दुसरं लग्न. घोडा एकपत्नी होता.